गोड्यांच्या पोथ्या

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर झाली. स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण एवढ्या पोथ्या वाचणार कोण? हा प्रश्न ज्यांनी आपल्या कामाने जन्मभर सोडवला, ते परशुराम कृष्ण गोडे आज संस्कृतच्या वर्तुळाबाहेर कोणाला फारसे ठाऊक नाहीत.

1891 साली देवरुखला जन्मलेले गोडे 1919 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत क्युरेटर झाले. आदल्याच वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी पोथीसंग्रह तिथे आला होता. पुढची चार दशके त्यांनी त्याच जागेवर काढली.

खरे पीक आले ते चाळीसच्या दशकात. अलंकार-संगीत आणि नाटक या विषयांच्या वर्णनात्मक सूची हातावेगळ्या झाल्या होत्या, काव्याची चालू होती. एकेक पोथी उलगडायची, पुष्पिका, म्हणजे पोथीअखेरची लेखननोंद, वाचायची, लेखनकाळ टिपायचा. ग्रंथाचा काळ अज्ञात असेल, तर त्यात कोणाची वचने येतात आणि त्याची वचने पुढे कोण घेतो, हे शोधून दोन्ही बाजूंनी मर्यादा आखायच्या. या चिकाटीतून त्यांचे चारशेहून अधिक लेख उभे राहिले.

विषय तरी किती! तंबाखू, नथ, फटाके, कागद, संभाजी महाराजांच्या दरबारातला हरी कवी. 1943 मध्ये त्यांनी जिलबीचा माग काढला. तंजावरच्या दीपाबाई राणीच्या आश्रयातील रघुनाथाचा ‘भोजनकुतूहल’ हा आहारविषयक ग्रंथ त्यांनी तपासला आणि तिथून मागे जात 1450 च्या सुमाराच्या जिनसूर या जैन लेखकाच्या कथेपर्यंत ते पोचले.

इतिहास म्हणजे लढाया आणि वंशावळी, ही आपली जुनी खोड. तिच्यामुळे असे लेखन ‘किरकोळ’ ठरले, आणि हा अन्याय अजून निस्तरलेला नाही. गोडे पोथ्यांचे राखणदार होते आणि त्यांचे वाचकही. आता ही दोन कामे आपण तोडली आहेत. पानाचे छायाचित्र निघते, पण ते कोणत्या ग्रंथाचे, कोणत्या शतकातले, हे सांगणारा माणूस घडायला वर्षे लागतात. त्या वर्षांचा पगार द्यायला कोणी तयार नसते.

जिलबीच्या जन्मकथेवरचे लेख आता दर दिवाळीत येतात. त्यांत जिनसूर असतो, 1450 हे सालही असते. गोड्यांचे नाव मात्र क्वचितच सापडते.