ओंडक्यातलं पाणी

वखारीत गेलेला माणूस लाकडाची जात विचारतो: साग आहे का, बल्लारशाचा की बाहेरचा? झाड कधी पडलं, फळ्या किती महिने थप्पीत होत्या, हे सहसा कुणी विचारत नाही. पावसाळ्यात दार चौकटीत अडकलं की बोल मात्र सुताराला लागतो. हा त्याच्यावर अन्याय आहे. दाराचं बरंचसं भवितव्य लाकूड त्याच्या हाती येण्याआधीच ठरलेलं असतं.

काही ताज्या लाकडांत त्यांच्या कोरड्या वजनाहूनही जास्त पाणी असतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड आकसत नाही. ओल साधारण 30 टक्क्यांखाली उतरली की पेशींच्या भिंती सुकू लागतात आणि आकसणं सुरू होतं. तेही असमान: वलयांच्या कडेने जितकं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्याकडून सालीकडे. त्यामुळे अख्खा गोल ओंडका वाळताना उभा तडकतो. तो लवकर चिरून फळ्या वाळवणंच शहाणपणाचं.

चिरायला उशीर होणार असेल तर कापलेली टोकं त्याच दिवशी बंद करावीत. पाणी तंतूंच्या दिशेने आडव्यापेक्षा कित्येक पट वेगाने निसटतं, म्हणून पहिल्या भेगा टोकांनाच पडतात. मेण, डांबर, जाड ऑइल पेंट, काहीच नसेल तर शेणमातीचा लेप. आंबा, सावर यांना भेगांपेक्षा निळसर बुरशी आणि भुंगेरे लवकर गाठतात. असे ओंडके साठवायचेच असतील तर पूर्ण पाण्याखाली ठेवावेत. तिथे बुरशीला हवा मिळत नाही.

ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवतीची साल आणि तिच्याखालचं पांढरं लाकूड गोल कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो. असा वाळलेला साग नदीतून तरंगत नेता येई. मुंबईत वाडियांच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगते आहे. सागाचा हा लौकिक खरा, पण ओला वापरलेला सागही वाकतो.

खरी कसोटी थप्पीत लागते. जमिनीपासून हात-दीड हात उंच, सपाट पाया, वर छप्पर, बाजूंनी वारा. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या, आणि त्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत. पट्टी सरकली की फळी तिथेच वाकते. सगळ्यात वर वजन ठेवावं. ऐनासारखं भेगाळणारं लाकूड उन्हापासून आणि थेट वाऱ्यापासून जपावं लागतं. भट्टीत महिन्यांचं काम दिवसांवर येतं, मात्र उष्णता घाईने वाढवली तर वरचा थर आवळतो आणि फळी आतून फाटते.

फळी वाळली की नाही, हे वजन सांगतं. थप्पीतली एक फळी दर आठवड्याला तोलावी. वजन उतरायचं थांबलं की ती तिथल्या हवेशी जुळली. भारतीय मानकाने हवेतल्या दमटपणावरून देशाचे चार विभाग पाडलेत, ते याचसाठी. चंद्रपूरच्या मे महिन्यात वाळलेल्या फळ्यांचं दार रत्नागिरीत बसवायचं असेल, तर त्या काही आठवडे रत्नागिरीतच थप्पीत ठेवाव्यात आणि मगच रंधा लावावा.