फिरत्या घरातील छुपी गळती
अमेरिकेतील अनेक मोटारघरांमध्ये प्रोपेन गॅसवरील फ्रिजऐवजी घरगुती विद्युत फ्रिज बसवलेला असतो. त्याच्या मागे होणारी गळती सहसा नजरेस पडत नाही आणि तोवर लाकडी तळ कुजू लागतो. बर्फयंत्राची बारीक नळी तडकणे किंवा जुन्या फ्रिजसाठी छतावर ठेवलेल्या झरोक्यातून पावसाचे पाणी शिरणे, ही त्याची संभाव्य कारणे होत.

दुरुस्तीसाठी फ्रिज जागेवरून काढावाच लागतो. प्रथम वीजपुरवठा, पाण्याचा पंप व नळीची झडप बंद करावी. फ्रिज रिकामा करून, प्रवासात तो हलू नये म्हणून लावलेल्या पट्ट्या सोडवून तो पुढे सरकवावा. गळती थांबवून, तळ पूर्ण वाळवून व कुजलेले प्लायवूड बदलूनच फ्रिज पूर्ववत बसवावा; अन्यथा ओल आत कोंडून लाकूड पुन्हा कुजते.