लेवोडोपा : गोळी आणि घड्याळ

पार्किन्सन्ससाठीची लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी ठरल्या वेळीच घ्यावी. शक्यतो जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. डाळ, दूध, अंडी यांतली प्रथिने तिच्या शोषणात आडवी येतात. लोहाच्या गोळीपासूनही अंतर हवे. लघवी गडद झाली तर घाबरू नये. उठताना चक्कर, भास किंवा अंगाची आपोआप होणारी वळवळ मात्र डॉक्टरांना सांगावी. मळमळीवर मेटोक्लोप्रमाइड नको, ही गोळी मेंदूत ज्या डोपामाइनची भर घालते त्याचेच काम ते अडवते. खाजकुइलीच्या बियांत मुळातच लेवोडोपा असते. तेव्हा ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणत परस्पर तिचे चूर्ण घेणे म्हणजे नकळत डोस वाढवणे. बरे वाटले म्हणून गोळी एकदम थांबवू नका; तीव्र ताप, ताठरता, संभ्रम होऊन जिवावर बेतू शकते.