घरची डाळिंबबाग : पिढीगणिक बदललेले वाण

सोलापूरची कोरडवाहू ओळख
सोलापूर जिल्ह्यात फळबागांचे मुख्य पीक डाळिंब. कमी पाऊस, कोरडी हवा आणि निचऱ्याची हलकी जमीन त्याला मानवते. सांगोला तालुका त्यात आघाडीवर.

वाणांचा प्रवास
• गणेश : पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी 1936 मध्ये केलेली निवड. दाणे मऊ, फिकट गुलाबी.
• मृदुला, आरक्ता : राहुरी कृषी विद्यापीठाचे गडद दाण्यांचे वाण.
• भगवा : राहुरीचाच, 2003-04 मधला. जाड साल, टिकाऊपणा. निर्यातीत पहिली पसंती.
• सोलापूर लाल : 2017. लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक.

तीन बहार
• आंबे : जानेवारी-फेब्रुवारी
• मृग : जून-जुलै
• हस्त : सप्टेंबर-ऑक्टोबर
बहार धरण्यापूर्वी पाणी तोडून बागेला ताण देतात. डाळिंबाला बहरण्यासाठी हा ताण पुरतो.

लागवड आणि धोके
• रोपे मुख्यतः गुटी कलमाची.
• अंतर 4.5 × 3 मीटर. हेक्टरी सुमारे 740 झाडे.
• तेलकट डाग : जिवाणूजन्य रोग, दमट हवेत फैलावतो.
• मर : प्रामुख्याने बुरशीजन्य, झाड वाळते.

टप्पे
• 1990 : रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना राज्यात सुरू.
• 2005 : सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र.
• 2016 : ‘सोलापूर डाळिंब’ला भौगोलिक मानांकन.