फ्रेंच फुलं, येवल्याची वीण

निफाडचा पारा उतरला की नाशिककरांना लोकर आठवते. स्वेटर, शाली बाहेर निघतात. हल्ली गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या दिवाणखान्यांत फिकट गुलाबी फुलांचा, वेलबुट्टीचा ‘फ्रेंच’ गालिचाही दिसतो. त्यातला हातविणीचा माल फ्रान्सचा क्वचितच असतो. आपल्याकडे अशा लोकरी गालिच्यांचं मोठं केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातलं भदोही-मिर्झापूर.

मूळ फ्रेंच घराणी दोन. सावोन्रीचे गालिचे 17व्या शतकात पॅरिसलगतच्या शायो इथे, साबणाच्या जुन्या कारखान्यात विणले जाऊ लागले. ते गाठी मारलेले, दाट लवेचे. चौदाव्या लुईने लूव्रच्या लांबलचक दालनासाठी असे 93 गालिचे करवून घेतले होते. राजेशाही हौस, दुसरं काय! ओब्युसाँ गावची वीण मात्र सपाट. तिथल्या भित्तिपटांची कला 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली.

ही ओब्युसाँची रीत नाशिक जिल्ह्याला परकी नाही. ओब्युसाँत बाण्याचा एकच धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही; प्रत्येक रंगाची वेगळी कांडी आपल्या फुलापुरतीच फिरते आणि मागे वळते. येवल्यात पैठणीचा पदर असाच भरतात. असावली, कमळ, मुनिया, बांगडी मोर, सगळं ताणे मोजत, बोटांनी. फरक सांध्यात. ओब्युसाँत दोन रंगांच्या हद्दीवर बारीक फट राहते, ती नंतर सुईने शिवतात. पैठणीत शेजारचे धागे एकमेकांत अडकवून पुढे जातात. मला येवल्याची रीत सरस वाटते.

म्हणजे असा गालिचा इथेच विणायचा म्हटलं तर हात आहेत. लोकरही आहे. दख्खनी मेंढीचा संगमनेरी प्रकार नगर-नाशिक भागातलाच. या मेंढ्यांची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. तिचं सूत काढून, चिंचोक्याची खळ देऊन सणगर आणि खुटेकर धनगरांनी पिढ्यान् पिढ्या घोंगड्या विणल्या. आज मेंढपाळाचं घर चालतं ते मटणाच्या भावावर. लोकरीला विचारतो कोण? ती जाडीभरडी, बहुतांशी काळी. अंगाला टोचते हे खरं, पण पायाखाली हीच राठ लोकर टिकते. तिच्यावर अबोली रंग चढणार नाही. काळी जमीन तिची आणि फुलं पांढऱ्या, रंगवलेल्या लोकरीची, असा मेळ मात्र जमावा.

दुकानात गालिचा आधी उलटा करून पाहावा. मागे फुलं तशीच स्पष्ट, गाठी मोजता येण्याजोग्या दिसल्या तर तो हाताने गाठी मारलेला. मागे कापड चिकटवलेलं असेल तर लोकर यंत्रपिचकारीने टोचून रबरी चिकीने बसवलेली असते. ‘हातकाम’ म्हणून तोही खपतो, आणि किमतीला पुष्कळ स्वस्त असायला हवा. पावसाळा सरला की उन्हं द्यावीत, नाहीतर कसर लागलीच.

येवल्यात ओब्युसाँच्या विणीचा गालिचा उतरवायचा तर खरी अडचण रुंदीची. साडीचा माग जेमतेम सव्वा मीटर पन्ह्याचा, ताणा नाजूक रेशमाचा. सुताचा दणकट ताणा आणि जड फणी घालावी लागेल, विणकराला पैठणीइतकी मजुरी मोजावी लागेल. पन्ह्याचं कोडं जुनं आहे. अनातोलियातले कितीतरी किलीम दोन अरुंद पट्ट्या मधोमध शिवूनच रुंद केलेले आहेत.