आधी जोडू द्या, मग समजावा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सर्किटचं प्रात्यक्षिक होतं. काही तुकड्यांना नेहमीसारखे बल्ब, बॅटऱ्या, तारा आणि मीटर मिळाले. बाकीच्या तुकड्यांनी तेच प्रयोग संगणकाच्या पडद्यावर केले. खऱ्या तारेला त्यांनी हातही लावला नाही. मग सगळ्यांपुढे खरं साहित्य ठेवलं आणि सांगितलं, हे सर्किट जोडा आणि ते कसं चालतं ते लिहा.

पडद्यावर शिकलेल्यांनी ते अधिक चांगलं जोडलं. वेळही कमी घेतला आणि कारणंही नेमकी लिहिली. परीक्षेतल्या सर्किटवरच्या प्रश्नांतही ते पुढे राहिले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेला पर्याय नाही असं मानणाऱ्या अनेक प्राध्यापकांना त्याने विचारात पाडलं.

असं का झालं? वीज शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनात एक समजूत घट्ट बसलेली असते, की प्रवाह बल्बमध्ये शिरतो आणि तिथे थोडा खर्च होऊन पुढे जातो. खरी तार या समजुतीला धक्का लावू शकत नाही, कारण तारेत काय चाललंय ते दिसतच नाही. पडद्यावरच्या त्या सिम्युलेशनमध्ये मात्र तारेतून इलेक्ट्रॉनचे ठिपके सरकताना दिसतात. बल्बच्या आधी त्यांचा जो वेग, तोच बल्बच्या नंतरही. दुसरा बल्ब एकसर जोडला की सगळीकडचा वेग एकदम मंदावतो. बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली तर ठिपके सुसाट पळतात आणि बॅटरीतून ज्वाळा निघतात. मुलं हे मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहतात, आणि शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते त्यांना व्याख्या पाठ न करता कळतं. शिवाय सैल जोड, उडालेला बल्ब, उतरलेली बॅटरी यांत अर्धा तास जात नाही. तो वेळ विचाराला मिळतो.

हे सिम्युलेशन ‘फेट’ या प्रकल्पातलं. कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये कोलोरॅडोत सुरू केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना एरिक कॉर्नेल आणि वोल्फगांग केटर्ले यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सत्येंद्रनाथ बोस आणि आइनस्टाइन यांच्या गणिताने ज्या संघनिताचं (पदार्थाच्या एका वेगळ्या अवस्थेचं) भाकीत केलं होतं, ते प्रत्यक्षात आणल्याबद्दलचा तो सन्मान होता. या विषयावर व्याख्यानं देताना वीमन काही हलती, हाताळता येणारी चित्रं दाखवत. श्रोत्यांच्या लक्षात व्याख्यानापेक्षा तीच राहतात, हे त्यांनी हेरलं. एवढ्या मोठ्या मानाचा शास्त्रज्ञ पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना नेमकं काय कळत नाही याचा शोध घेत बसतो, ही गोष्ट मनापासून कौतुक करावी अशी आहे.

‘फेट’ची कार्यपद्धती आपल्याकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी जरूर पाहावी. नवं सिम्युलेशन तयार होत असताना ते एकेका विद्यार्थ्यापुढे ठेवतात आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत हाताळायला सांगतात. तो कुठे अडला, कशाचा चुकीचा अर्थ लावला, कोणतं बटण त्याला दिसलंच नाही, हे टिपून घेतात. मग बदलतं ते सिम्युलेशन. विद्यार्थ्याला दोष दिला जात नाही. आज ही सिम्युलेशनं मोफत आहेत, मोबाइलवर चालतात आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत.

पण नुसतं साधन आणून भागत नाही. ते मुलांच्या हाती कसं देता, यावर सगळं अवलंबून असतं. ‘फेट’च्याच संशोधकांनी २००८ मध्ये आणि पुढे २०१४ मध्ये हे तपासलं. ‘हे बटण दाबा, हा आकडा लिहा, आता तो स्लायडर सरकवा’ अशा तपशीलवार सूचना दिल्या, तर मुलं तेवढंच करतात आणि थांबतात. सिम्युलेशनमधल्या कितीतरी गोष्टींना ती हातच लावत नाहीत. त्याऐवजी एखादाच मोकळा प्रश्न दिला, तर ती स्वतः शोधू लागतात, एकमेकांशी वाद घालतात, उलटसुलट करून पाहतात.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही विज्ञान किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हा जर्नलचा क्रम अंगवळणी पडलेला असतो. उत्तर किती यायला हवं ते आधीच ठाऊक असतं. सबमिशनच्या आदल्या रात्री निरीक्षणाचे तक्ते एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. यात विद्यार्थ्यांचा आळस कमी आणि पद्धतीचा दोष जास्त. चुकायला जागाच नसेल, तर विचार कशासाठी करायचा?

केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्पाकडेही याच नजरेने पाहायला हवं. माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेत तो उभा राहिला. आयआयटी दिल्लीकडे त्याचं समन्वयन आहे, आणि आयआयटी मुंबई व पुण्याचं सीओईपी या आपल्याकडच्या दोन संस्था त्यात सहभागी आहेत. महागडी उपकरणं नसलेल्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलांसाठी हे फुकट उघडलेलं दार आहे, आणि त्याचं मोल मोठं आहे. मात्र तिथल्या पानांची रचना जर्नलचीच वाटावी अशी आहे: उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, आणि त्यानंतर सिम्युलेशन. शिक्षकाने हा क्रम जसाच्या तसा वर्गात नेला, तर वही जाऊन पडदा आला एवढाच फरक पडेल. क्रम उलटा करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

चुकू देण्याने काय साधतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण विज्ञानशाखेबाहेरचं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत ‘बीअर गेम’ नावाचा खेळ अनेक दशकं खेळला जातो. सुरुवातीला तो पट आणि सोंगट्यांवर होता, पुढे संगणकावर आला. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चौघे असतात. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त आठवड्याची मागणी पुढे कळवायची. बीअरची पेटी गोदामात पडून राहिली तर आठवड्याला अर्धा डॉलर खर्च; मागणी पुरवता आली नाही तर एक डॉलर दंड. मागणी पोहोचायला वेळ लागतो, माल यायलाही लागतो. पहिले चार आठवडे ग्राहक दर आठवड्याला ४ पेट्या मागतो, पाचव्यापासून ८, आणि शेवटपर्यंत तेवढ्याच. खेळात बदल इतकाच.

तरीही हाहाकार उडतो. आधी टंचाई, मग घाबरून दुप्पट-तिप्पट मागण्या, आणि काही आठवड्यांनी गोदामं तुडुंब. एमआयटीतल्याच जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये अशा अनेक डावांचे हिशेब मांडले, तेव्हा खेळाडूंचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट निघाला. डाव संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी होती त्याचा आलेख खेळाडूंना काढायला सांगतात. बहुतेक जण लाटांसारखे चढउतार काढतात. मग खरा आलेख दाखवला जातो: एक पायरी आणि पुढे सरळ रेषा. लाटा ग्राहकाने आणल्या नव्हत्या, त्या साखळीच्या रचनेतून आणि आपल्याच निर्णयांतून उठल्या होत्या, हे त्या क्षणी कळतं. हाच धडा फळ्यावर लिहून दिला असता, तर प्रत्येकाला वाटलं असतं की आपण असं केलंच नसतं.

सिम्युलेशनच्या मर्यादाही ओळखायला हव्यात. पडद्यावरचं सर्किट सैल जोडामुळे बंद पडत नाही, म्हणून सैल जोड शोधायचं कसब पडदा देत नाही. ब्युरेटचा शेवटचा थेंब नेमका केव्हा थांबवायचा हे हातालाच शिकावं लागतं. मापनातली अनिश्चितता खऱ्या उपकरणावरच भेटते. त्यामुळे ‘आभासी प्रयोगशाळा आहे ना’ असं म्हणून खऱ्या प्रयोगशाळेचा निधी कापणारी संस्था विद्यार्थ्यांचं नुकसानच करते.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट मनाशी धरून ठेवावी. हार्वर्डमध्ये २०१९ साली भौतिकशास्त्राच्या वर्गांत असं आढळलं, की स्वतः धडपडून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्यांना नेमकं उलट वाटत होतं. तेव्हा पहिल्याच तासाला ‘सर, तुम्हीच सांगून टाका ना’ अशी मागणी आली, तर डगमगू नये.

येत्या सत्रात एकाच प्रात्यक्षिकापासून सुरुवात करता येईल. सिद्धांत सांगण्याआधी एक प्रश्न फळ्यावर लिहा, काय होईल याचा अंदाज प्रत्येकाकडून लिहून घ्या आणि दहा मिनिटं सिम्युलेशन त्यांच्या ताब्यात द्या. समजावणं त्यानंतर. आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी टर्मवर्कच्या गुणांतले थोडे तरी गुण नीटनेटक्या जर्नलऐवजी त्या चुकलेल्या अंदाजाला आणि तो का चुकला याच्या स्पष्टीकरणाला द्यावेत.