फळझाडांवरील गुलाबी रोग : ओळख व उपाय

काजू, फणस व आंबा हीं कोकणच्या बागाइताचीं मुख्य झाडें होत. यांच्या मोहोराकडे आमच्या बागाइतदारांचें जितकें लक्ष असतें तितकें सालीकडे नसतें. एखादी फांदी वाळली तर ‘जून झाली’ असें म्हणून ती तशीच सोडण्याची चाल आहे. परंतु भर पावसाळ्यांत, आजूबाजूच्या फांद्या हिरव्यागार असतां, एकच फांदी पिवळी पडून सुकूं लागली, तर गुलाबी रोगाची शंका अवश्य घ्यावी. हा रोग एका बुरशीपासून होतो. तिचें शास्त्रीय नांव एरिथ्रिसियम साल्मोनिकलर; जुन्या ग्रंथांत कॉर्टिसियम या नांवानें तिचा उल्लेख आढळतो. रबर, कॉफी व चहा यांच्या मळ्यांतही ती उपद्रव करते.

रोगाची ओळख

रोगाचा आरंभ बहुधा फांद्यांच्या बेचक्यांत होतो. कारण तेथें ओल फार काळ टिकते. प्रथम सालीवर कोळिष्टकासारखें रेशमी पांढरें जाळें दिसतें. पुढें त्याचा गुलाबी पापुद्रा बनतो. हा पापुद्रा फांदीच्या खालच्या, सावलीच्या अंगास असतो. म्हणून वरून पाहणाऱ्यास तो दिसत नाहीं. उजेडाच्या अंगास कधीं कधीं नारिंगी रंगाच्या बारीक पुळ्या येतात. नंतर साल तडकते व डिंक पाझरतो. फांदीस सभोंवार रोगाचें कडें पडलें कीं पुढील पानें सुकून तशींच लोंबत राहतात, आणि रोगट भागाच्या खालून नवे फुटवे निघतात.

सालीवरील दगडफूल व हा रोग यांत घोटाळा होतो. त्यासाठीं चाकूनें साल किंचित् खरवडून पाहावी. दगडफुलाखालील साल ओली व जिवंत असते. रोगाखालील साल तपकिरी व मेलेली असते. काजूच्या बुंध्याशीं भोकें व भुसा दिसल्यास तो रोग नसून खोडकिड्याचें काम समजावें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पाऊस सरला कीं गुलाबी रंग विटून पांढुरका होतो. बुरशी मात्र सालींत जिवंत राहते व पुढील पावसांत पुन्हां पसरते. ज्या बागांचे धनी मुंबईस असतात व केवळ मे महिन्यांत गांवीं येतात, त्यांस फक्त तडकलेली साल दिसते. यास्तव पाहणी श्रावण-भाद्रपदांतच झाली पाहिजे.

आमचा अनुभव

आमच्या परसांतील फणसाच्या एका मोठ्या फांदीवर हा रंग आम्हीं श्रावणांत पाहिला होता. फांदी भरपूर फळणारी. ‘यंदाचे फणस उतरवूं, मग तोडूं’ असा विचार आम्हीं केला. फणस थोडे आले. पुढच्या पावसांत रोग बेचक्यांतून खोडांत उतरला, आणि अखेर अर्धें झाड तोडावें लागलें. शेजारच्या दोन काजूंसही तोच रोग दिसला. एका फांदीचा लोभ आम्हांस असा महाग पडला.

उपाय

रोगट फांदी दिसतांच, उघडीप साधून, रोगाच्या खुणेच्या खालीं वीतभर निरोगी भागावर कापावी. जाड खोडावर रोग असल्यास मेलेली साल निरोगी साल लागेपर्यंत तासून काढावी. खालीं गोणपाट अंथरून सर्व ढलप्या गोळा कराव्या. कापलेलें लांकूड सरपणासाठीं बागेंत रचून ठेवूं नये. त्यावरून रोग वाऱ्यापावसाबरोबर पुन्हां झाडांवर जातो. तें सर्व त्वरित जाळावें.

कापलेल्या जागेवर बोर्डो मलम लावावें. त्यास मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो व पाणी 10 लिटर असें प्रमाण आहे. फवारणीसाठीं त्याच मोरचूद-चुन्यास पाणी 100 लिटर घ्यावें. मोरचूद व चुना निरनिराळ्या भांड्यांत अर्ध्या अर्ध्या पाण्यांत कालवून, नंतर दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यांत ओतीत ढवळावें. भांडीं लोखंडाचीं नसावीं. मिश्रणांत लोखंडी पातें क्षणभर धरून पाहावें. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना आणखी घालावा. तयार मिश्रण त्याच दिवशीं वापरावें. पावसापूर्वीं एक व पावसाच्या मध्यास उघडीप पाहून दुसरी फवारणी करावी. सुपारीच्या कोळेरोगासाठीं ज्यांच्या घरीं हें मिश्रण होतेंच, त्यांस यांत वेगळा खटाटोप नाहीं.

बागेंतील झाडांस आंकडे घालून, कोणत्या झाडाची कोणती फांदी केव्हां कापली हें वहींत लिहून ठेवावें. पुढील वर्षीं तीं झाडें प्रथम पाहावीं. रोग बांध ओळखीत नाहीं. शेजाऱ्याचा धनी परगांवीं असेल तर त्यास पत्रानें कळवावें, व त्याची संमति घेऊन ती फांदीही कापावी. त्यांत शेजाऱ्याचें हित आहे, आणि आपलेंही.